विचारल्याशिवाय देऊ नये

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात एका सकाळी वनखात्याचे एक तरुण वनरक्षक स्टुडिओत आले. मी नुकतंच शटर वर करून उदबत्ती लावत होतो. त्यांनी मोबाइल पुढे केला. "काका, एवढा फोटो बघा. खरा आहे का सांगा."

उसाच्या फडाला लागून बांध, बांधावर बसलेला बिबट्या, मागे दूध डेअरीची पाटी आणि पहाटेचा कोवळा उजेड. रात्री कुणीतरी हा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळपर्यंत तो शेजारच्या चार गावांत पोचला. तोडकऱ्यांच्या टोळ्या फडात उतरेनात. आयांनी पोरं शाळेत धाडली नाहीत. लोक पिंजरा लावा म्हणून हटून बसले होते. आमच्या कृष्णाकाठी बिबट्याची नवलाई राहिलेली नाही. उसात त्याला आडोसा मिळतो, मादी उसातच पिल्लं घालते. त्यामुळे असा फोटो पाहून माणसं घाबरली तर त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा केला. बिबट्यात खोट सापडेना. ठिपके, मिशा, कानामागचा काळा डाग, सगळं जिथल्या तिथे. तेव्हा बिबट्या सोडून बाकीचं बघायला लागलो. बनवणाऱ्याचं सगळं लक्ष मुख्य वस्तूवर असतं, बघणाऱ्याचंही तिथेच जातं. खोट राहते ती कडेला.

डेअरीची पाटी लांबून अगदी मराठी वाटत होती. जवळून पाहिली तर शिरोरेघ होती, पण तिच्याखाली धड अक्षरं नव्हती. 'क'च्या पोटातून 'ळ'चं शेपूट निघालेलं, आणि एक जोडाक्षर असं की ते कुठल्याच बाराखडीत बसू नये. मग ऊस पाहिला. उसाला पेरं असतात आणि पान पेरापाशी फुटतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या उसाला पेरंच नव्हती, कांडीच्या मधूनच पानं फुटली होती. शेवटी उजेड. बिबट्यावर तो डावीकडून पडत होता, पाटीच्या खांबाची सावली मात्र डावीकडेच गेली होती.

"हा फोटो कॅमेऱ्यानं काढलेला नाही," मी म्हणालो.

ते सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "मग तसं लिहून द्याल का?"

लिहून द्याल का, हे शब्द ऐकले आणि माझा हात थांबला. त्याच्या वर्षभर आधी याच टेबलाशी बसून मी असंच एक लिहून दिलं होतं. मी हे बघायला जे काही शिकलो ते त्या वेळी, आणि लिहून देण्याची किंमतही तेव्हाच कळली.

त्याआधी माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं.

मी १९९१ साली या कामाला लागलो. ज्यांच्याकडे शिकलो त्यांना सगळा तालुका गुरुजी म्हणायचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल, याशिका कॅमेरा, डार्करूममधला लाल बल्ब आणि बोटांना कायमचा बसलेला हायपोचा वास, असं ते शिक्षण. पहिलं वर्ष नुसते रोल धुण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी गुरुजींनी टचिंग शिकवलं. चेहऱ्यावरची पुटकुळी प्रिंटमध्ये काळी उमटते, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती जागा फिकी असते. तिथे टोकदार पेन्सिलीने इतकं हलकं भरायचं की पुटकुळी जावी आणि कातडी कातडीच राहावी.

फोटोशी खेळायला आम्ही कॉम्प्युटरची वाट पाहिली नाही. मुलीच्या लग्नाआधी बाप वारला, तर त्याचा जुना फोटो कापून, चिकटवून, त्याचा पुन्हा फोटो काढून आम्ही त्याला कुटुंबाच्या मधोमध बसवायचो. डोळे मिटले असतील तर दुसऱ्या निगेटिव्हमधले उघडे डोळे आणायचो. तो फोटो घरी नेताना त्या बायका रडायच्या आणि आमच्या हातावर नारळ ठेवायच्या. बाप लग्नात नव्हता हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असायचं. कुणाची फसवणूक होत नसे, कारण ते काम त्यांनीच सांगितलेलं असायचं.

२८ मे २०२३ रोजी दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीगीर विनेश फोगाट आणि संगीता फोगाट यांना पोलिसांनी गाडीतून नेलं. त्या गाडीतल्या फोटोत दोघींचे चेहरे गंभीर होते. काही तासांत त्याच फोटोची दुसरी प्रत फिरू लागली, तिच्यात दोघी हसत होत्या. एका अ‍ॅपने ते हसू चढवलं होतं. मी तो फोटो पाहिला आणि हातातलं काम खाली ठेवलं. हसू चढवायचं काम मी आयुष्यभर केलंय. पण ज्याच्या चेहऱ्यावर चढवलं, त्याला विचारून केलंय. तंत्र म्हणाल तर दोन्हींत फार अंतर नाही. अंतर आहे ते विचारण्याचं.

गुरुजींचा एक शिरस्ता होता. निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात घालून वर नंबर, नाव आणि तारीख लिहायची. मुलीबाळींच्या पाकिटावर ते लाल शाईने आणखी एक ओळ लिहायचे: विचारल्याशिवाय देऊ नये. कारण तेव्हाही पोरं यायची. बाहेरच्या शोकेसमधला फोटो दाखवून म्हणायची, "याची एक कॉपी मारून द्या की." दुप्पट पैसे द्यायला तयार असायची. गुरुजी त्यांना हाकलून द्यायचे. विचारायचं म्हणजे मुलीच्या वडिलांना विचारायचं, असाच त्या ओळीचा अर्थ आम्ही सगळे धरत होतो.

पुढे डिजिटल आलं. पाकिटं गेली, हार्ड डिस्क आल्या. करिझ्मा अल्बम आले, प्री-वेडिंग आलं, आणि स्टुडिओचं पान इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर आलं. लाल शाई कधी सुटली ते मलाच कळलं नाही. चांगला फोटो निघाला की मी पानावर टाकायचो. लोक लाइक करायचे, नवीन ऑर्डर यायच्या. फोटो ज्याचा आहे त्याला विचारावं, हे माझ्या मनात आलं नाही. तो मी काढलाय म्हणजे माझाच, असं मी समजून चाललो होतो.

२०२४चा मार्गशीर्ष. लग्नसराई ऐन भरात. रात्री साडेआठला शटर अर्धं ओढलं होतं, तेव्हा एक बाई आणि तिची तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी वाकून आत आल्या. मुलीला मी लगेच ओळखलं. महिन्यापूर्वीच तिच्या साखरपुड्याची ऑर्डर मी केली होती. आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही फोटो काढलेत. तुम्हालाच कळंल. सांगा, हे खोटं आहे ना?"

माझी बायको काउंटरवर होती. तिने काहीही न विचारता शटर पूर्ण खाली ओढलं, मुलीला आत खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

एका अनोळखी खात्यावरून त्या मुलीचा नग्न फोटो तिच्या होणाऱ्या सासरच्या तिघांना आला होता. चेहरा तिचाच, नाकात तीच नथ. मुलगी मोबाइल हातात घट्ट धरून बसली होती. दाखवावा लागणार हे तिला कळत होतं आणि हात पुढे होत नव्हता. मी टेबलाच्या खणातून काळा पुठ्ठा काढला. डार्करूममध्ये प्रिंट मारताना जिथे उजेड पडू द्यायचा नाही तिथे असा पुठ्ठा धरतात. तो तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "बाळ, मला फक्त चेहरा आणि गळा लागेल. बाकीचं याच्याखाली झाक." मग बायकोच म्हणाली, "अहो, त्यापेक्षा तिलाच चेहऱ्यापुरता कापून द्यायला सांगा ना." ते जास्त बरं होतं. मूळ फोटो तसाच ठेवून तिने त्याचा स्क्रीनशॉट घेतला, चेहऱ्यापुरता कापला आणि तेवढाच मला दिला.

तो तुकडा पडद्यावर उघडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तो मी काढलेला फोटो होता.

कसा ओळखला ते सांगतो. मी चेहऱ्याचा फोटो काढताना मोठा सॉफ्टबॉक्स उजवीकडे वर ठेवतो आणि खाली मांडीजवळ पांढरा थर्माकोल धरायला लावतो, म्हणजे हनुवटीखालची सावली हलकी होते. त्यामुळे माझ्या फोटोत माणसाच्या डोळ्यात वर उजवीकडे उजेडाचा एक ठळक ठिपका असतो आणि खाली एक पुसट चकाकी. ही माझी सवय, सही असावी तशी. या बनावट फोटोत, मुलीने सांगितल्याप्रमाणे, मागे झोपायची खोली होती आणि खिडकी डावीकडे. खिडकीचा उजेड डावीकडून येतो, तर डोळ्यातला ठिपका उजवीकडे कसा? आणि खालची चकाकी कुठल्या थर्माकोलची? गळ्यापाशी कातडीचा पोतही बदलत होता. वर बारीक रंध्रं, खाली मेण ओतल्यासारखं गुळगुळीत.

तरी एवढ्यावर शपथ घेता येत नाही. मी हार्ड डिस्क काढली. त्या चेहऱ्याचे मी लागोपाठ अकरा फोटो काढले होते. त्यातला एक मी पानावर टाकला होता. मूळ फाइल उघडली, तो तुकडा तिच्यावर ठेवला, निम्मा पारदर्शक केला आणि आकार जुळवला. दोन चेहरे एकमेकांत असे बसले की खालचा दिसेनासा झाला. नथीचा कल, ओठाच्या कोपऱ्यातली मुरड, कपाळावर आलेली एक बट जी मागे सारायची माझ्याकडून राहून गेली होती, सगळं केसाकेसाने जुळलं. शेजारच्या दहा फोटोंपैकी एकाशीही तसं जुळेना. माणूस दगडासारखा बसला तरी दोन फोटोंत पापणी हलते, श्वासाने नथ हलते. त्यामुळे दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या खोल्यांत काढलेले चेहरे इतके जुळणं शक्यच नाही. माझ्या पानावरून चेहरा उचलून यंत्राने खाली शरीर बनवलं होतं.

मी आईला म्हणालो, "हे खोटं आहे." आणि मग, जे बोलायचं धाडस होत नव्हतं ते बोललो. "आणि यात माझी चूक आहे. हा फोटो मी तुम्हाला न विचारता पानावर टाकला होता."

ती माऊली काही बोलली नाही. मुलीने मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

माझा हात लगेच माऊसकडे गेला, पानावरचा फोटो काढून टाकायला. आमच्या ओळखीचे एक वकील आहेत, बायकोने त्यांना फोन लावला होता. ते स्पीकरवरून ओरडले, "काही डिलीट करू नका!" त्या रात्री त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, आणि आता कुणीही आलं की तेच सांगतो. घाबरून मेसेज पुसू नका. खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मग त्या खात्याची तक्रार करा आणि ब्लॉक करा. पैसे मागितले तर देऊ नका, एकदा दिले की मागणं थांबत नाही. आणि ते चित्र कुणालाही पुढे पाठवू नका, 'बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा नाही. त्या मुलीच्या बाबतीत अनोळखी माणसाने चित्र तिघांना पाठवलं होतं. पुढच्या दोन दिवसांत ते आणखी कित्येकांकडे पोचलं, आणि ते पोचवणारे सगळे काळजी करणारे नातेवाईक होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि वकील त्या मायलेकींबरोबर तक्रार द्यायला गेलो. पहिल्यांदा जिथे गेलो तिथे आम्हाला सांगण्यात आलं की फोन बंद ठेवा, चार दिवसांत लोक विसरतील, पोरीच्याच नावाची चर्चा होईल. आई उठायला लागली. वकील मात्र बसून राहिले. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. संध्याकाळी एका महिला अधिकाऱ्यांशी गाठ पडली. त्यांनी दार लावून घेतलं, फक्त मुलीशी बोलल्या, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "जेवलीस का?" तक्रार नीट नोंदली गेली. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७-अ ही कलमं लागली. अश्लील चित्र पसरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात अनुक्रमे तीन आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला तिथे कळलं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाकली. महिला आणि मुलांबाबतच्या अशा गुन्ह्यांसाठी त्या पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. मदत मागायचीय पण नाव सांगायची छाती होत नाही, अशा घरांसाठी ती सोय फार मोलाची आहे.

समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याला मुलीने स्वतः लिहिलं. २०२१च्या नियमांप्रमाणे, अशा नग्न किंवा चेहरा चिकटवून बनवलेल्या चित्राबद्दल संबंधित व्यक्तीने तक्रार केली की ते चोवीस तासांत काढायचं असं त्या वेळी बंधन होतं. ते खातं गेलं. पण तेच चित्र दुसऱ्या खात्यावरून वर आलं तर? त्यासाठी स्टॉप-एनसीआयआय नावाची एक सोय आहे, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली. अठरा वर्षांवरच्या माणसाने आपल्याच फोनवर त्या चित्राचा 'हॅश' काढायचा, म्हणजे चित्राच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. चित्र फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सामील असलेली समाजमाध्यमं त्या ठशावरून चित्र ओळखून अडवतात. अठरापेक्षा लहानांसाठी 'टेक इट डाऊन' ही वेगळी सोय आहे. मुलीने स्वतः बसून ते केलं. त्या सगळ्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच काहीतरी स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

माझ्या वाट्याला मूळ फाइल आली. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे कॉम्प्युटरमधला पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यातही फाइलचा हॅश लिहावा लागतो. कॅमेऱ्यातून आलेली, एकदाही हात न लावलेली रॉ फाइल माझ्याकडे होती, म्हणून ते जमलं. मी ती पुसली असती तर 'हे माझ्या फोटोवरून बनवलंय' हे माझं बोलणं हवेत राहिलं असतं.

या सगळ्यात आईने मागितलेलं मी पहिल्या रात्रीच दिलं होतं. स्टुडिओच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं: सदर चित्र बनावट आहे, मूळ फोटो माझ्या कॅमेऱ्यातील आहे. ती तो कागद घेऊन मुलीच्या होणाऱ्या सासरी गेली. त्यांनी वाचला आणि मोठ्या मनाने सांगितलं, "खोटा आहे म्हणताय ना, मग आमची काही हरकत नाही. तारीख ठरल्याप्रमाणे राहू द्या."

आई आनंदाने पेढे घेऊन आली. मुलगी मागे उभी होती. पेढा माझ्या हातावर ठेवून आई आत बायकोकडे गेली तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "काका, आणि तो फोटो खरा असता तर?"

मला उत्तर सुचलं नाही.

"म्हणजे समजा मीच कधीतरी, कुणावर तरी विश्वास ठेवून काढला असता. आणि त्याने तो पाठवला असता. तर तुम्ही कागद दिला नसता. मग त्यांची हरकत असती. आणि तुम्हीही सगळे गप्प बसला असता."

मी तीस वर्षांहून अधिक काळ खरा फोटो आणि खोटा फोटो यांतला फरक ओळखत आलो होतो, त्यावरच पोट भरत होतो. त्या मुलीने मला दाखवलं की तिच्या बाबतीत आम्ही सगळे चुकीच्या प्रश्नाला बिलगलो होतो. चित्र खरं की खोटं, हे गुन्हेगाराला शोधायला लागतं, कोर्टात लागतं. पण तिच्या पाठीशी उभं राहायला ते कशाला लागावं? न विचारता तिचं शरीर चारचौघांत मांडलं, गुन्हा तो आहे. चित्र खरं असतं तरी तो तेवढाच राहिला असता. आम्ही मात्र तिच्यावर विश्वास ठेवायच्या आधी माझ्या सही-शिक्क्याची वाट पाहिली. 'खोटं आहे ना?' असं आईने विचारलं त्यात माया होती. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता, आणि मुलीला तो पहिल्या रात्रीपासून ऐकू येत होता.

ते लग्न झालं नाही. मोडलं ते तिने.

त्याआधी वर्षभर अशाच बनावट चित्रांवरून मोठी नावं गाजली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या व्हिडिओवर बसवला गेला. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या तोंडी एका गेमची जाहिरात घातली गेली. दोघांनी जाहीरपणे सांगितलं की हे आपलं नाही, आणि देशाने ऐकलं. आमच्या तालुक्यातल्या मुलीला सांगायला व्यासपीठ नसतं. तिच्याकडे एक आई असते, आणि ऐकणारं गाव असतं किंवा नसतं.

म्हणून वनरक्षकांनी लिहून मागितलं तेव्हा मी थांबलो. लिहून दिलं, पण मला काय दिसलं तेवढंच लिहिलं: पाटीवरची अक्षरं, उसाची पेरं, उजेडाची दिशा. खाली लिहिलं की हे चित्र बनावट आहे, याचा अर्थ परिसरात बिबट्या नाही असा धरू नये. ते त्यांना पटलं. गावाने मात्र चित्र खोटं एवढंच उचललं. पंधरा दिवसांनी एका शेतकऱ्याने मोटर चालू करायला जाताना विहिरीजवळचा बिबट्या मोबाइलवर टिपला. अंधारातला, हललेला, धुरकट फोटो. ग्रुपवर लगेच उत्तरं आली, "एआय आहे रे, घाबरवू नको." दोन रात्रींनी त्याच वस्तीवरची शेळी गेली. तो शेतकरी फोटो घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. शेळी गेली त्याच्यापेक्षा आपल्याला खोटं ठरवलं, हे त्याला जास्त लागलं होतं. खोट्या चित्रांनी हे दुसरं नुकसान केलंय. आता खऱ्या माणसालाही खोटं म्हणून गप्प बसवणं सोपं झालंय.

मी तो धुरकट फोटो वनखात्याकडे पाठवला, शेतकऱ्याचं नाव आणि विहिरीची जागा लिहून. ते आले, त्यांनी ठसे पाहिले. फोटोकडे कुणी फार वेळ पाहिलंही नाही.

लोक मला विचारतात, ओळखायची युक्ती सांगा. बोटं मोजा, असं मीही आधी सांगायचो. पण सहा बोटांचे दिवस सरत आले, यंत्र सुधारतंय. नवरीच्या फोटोत अजून चुका सापडतात: मुंडावळ्या केसांत विरघळतात, नऊवारीचा काष्टा कुठून आला ते कळत नाही, मंगळसूत्राच्या दोन वाट्यांची एकच होते. उद्या त्याही सुधारतील. ओळखून देणाऱ्या वेबसाइट मी वापरून पाहिल्या. एकीने तो बनवलेला बिबट्या खरा ठरवला आणि मी स्वतः काढलेल्या एका हळदीच्या फोटोला बनावट म्हटलं. फाइलमधली तारीख-वेळ बघावी, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ती सहसा राहत नाही, त्यामुळे ती नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. काढतानाच फोटोला डिजिटल सही जोडणारे कॅमेरे निघालेत. लायकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तसा पहिला बाजारात आणला. चांगलंच आहे. पण विहिरीजवळ उभा राहून घाबरत फोटो काढणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात तो कॅमेरा नसतो.

मग उरतं काय? डोळे चालवायचेच, उजेड बघायचा, कडा बघायच्या, गूगल लेन्सवर टाकून तेच चित्र आधी कुठे आलंय का ते शोधायचं. आणि त्याहून आधी विचारायचं: हे कुणी काढलं, कुठे, कधी, आणि तो माणूस आपल्या नावाने पुढे यायला तयार आहे का? फोटोचा खरेपणा आता कागदावर किंवा पडद्यावर शोधून सापडेलच असं नाही. तो फोटोमागे उभ्या राहणाऱ्या माणसात शोधावा लागतो. मी लिहून देतो म्हणजे एवढंच, की उद्या कुणी विचारलं तर मी इथे आहे.

स्टुडिओत मी तीन गोष्टी बदलल्या. पानावरचे सगळे फोटो उतरवले आणि एकेका घरी फोन करून विचारलं, पुन्हा लावू का? बऱ्याच जणांनी हो म्हटलं, काहींनी नको म्हटलं. ऑर्डरच्या पावतीवर एक चौकट छापली: फोटो जाहिरातीसाठी वापरण्यास संमती आहे / नाही. आणि ज्याचा फोटो त्याचीच सही घेतो, पैसे देणाऱ्याची नाही. तिसरं म्हणजे जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन मुलामुलींशी बोलतो. मुलींना सावध राहा, फोटो टाकू नका, असं सांगून परत येत नाही. फोटो टाकणं हा गुन्हा नाही. मुलांना सांगतो की मैत्रिणीचा फोटो गंमत म्हणून तसली चित्रं बनवणाऱ्या अ‍ॅपमध्ये घातलात तर ती गंमत नाही, आणि ग्रुपवर आलेलं पुढे ढकलणाराही त्यात सामील असतो. एकदा नववीतला एक मुलगा बोलून झाल्यावर मागे रेंगाळला, स्वतःच्या मोबाइलमधून काहीतरी पुसलं आणि काही न बोलता निघून गेला. काय होतं ते मी विचारलं नाही.

खटला चालू आहे. गेल्या महिन्यात ती मुलगी स्टुडिओत आली. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो हवा होता. मी पांढरा पडदा सोडला, सॉफ्टबॉक्स उजवीकडे वर ठेवला. थर्माकोल धरायला कुणी नव्हतं, तो तिनेच मांडीवर धरला. बट कपाळावर आली होती. मी सांगितलं, तिने मागे सारली.

प्रिंट कापून दिल्यावर विचारलं, "बाळ, फाइल ठेवू की तुझ्यासमोर पुसू?" त्या पहिल्या आठवड्यात ती म्हणाली होती, माझं काहीही कुठेही ठेवू नका.

तिने थोडा वेळ घेतला. "ठेवा काका. मूळ तुमच्याकडे असू दे."

आता मी फाइल कार्डवर घेऊन कार्ड पाकिटात ठेवतो, गुरुजींच्या पद्धतीने. नंबर, नाव, तारीख लिहिली आणि लाल पेनने खाली ती ओळ लिहिली. तिने पाकीट हातात घेऊन वाचलं: विचारल्याशिवाय देऊ नये.

"कुणाला विचारल्याशिवाय?"

मी काही न बोलता पेन तिच्याकडे दिलं. ओळीच्या आधी जागा थोडी होती. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं: 'मला'.